सतरा पायऱ्या आणि वचन क्रमांक सहा

गंगाधरपंतांच्या देवघरात नऊ देव होते आणि एक नगरसेवक.

नगरसेवकाची प्राणप्रतिष्ठा कुणी केली नव्हती. तो आरतीसंग्रहावर बसून आला होता. नऊ वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत खंडेरावांनी प्रभागात घरोघर आरतीसंग्रह वाटले. पुढच्या पानावर कोपऱ्यात लाडवाएवढा गणपती आणि उरलेल्या जागेत हात जोडलेले खंडेराव. आत बत्तीस पानं आरत्या. मागच्या पानावर 'माझी दहा वचने'. कागद असा जाड आणि गुळगुळीत की घरातले बाकीचे आरतीसंग्रह तेलाने, कापराने, उदबत्तीच्या ठिणग्यांनी जीर्ण होऊन गोदावरीला मिळाले, हा मात्र अजून मांडवातल्या नवरदेवासारखा करकरीत. पुढे खंडेरावांची पाच वर्षांची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, महापालिकेत प्रशासक बसले, खंडेराव 'माजी' झाले. देवघरातली मुदत मात्र कुणी संपवली नाही.

पंत आरतीला पुस्तक उघडून धरत. त्यामुळे पंतांना दिसे देव, आणि समोर खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या पत्नीला, इंदिराबाईंना दिसत खंडेराव आणि त्यांची दहा वचनं. रोज, नऊ वर्षं. मंत्रपुष्पांजलीत एखादा शब्द गाळतील, पण वचनं बाईंना तोंडपाठ होती.

आता इंदिराबाई खुर्चीवर का, तर दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. सपाटीवर त्या काठी टेकत चालत, पायरी दिसली की थांबत. आणि कीर्तन नेमकं पायऱ्यांच्या वर! पंतांच्या रो-हाऊससमोर रस्ता ओलांडला की सार्वजनिक सभागृहाची इमारत. तळमजल्यावर खंडेरावांचं जनसंपर्क कार्यालय, 'तात्पुरतं' म्हणून नऊ वर्षांपूर्वी उघडलेलं. त्याच्या बाजूने सतरा पायऱ्या चढल्या की वर सभागृह. एकादशीला, दत्तजयंतीच्या सप्ताहात तिथे कीर्तन. परीक्षेच्या दिवसांत कुणी तक्रार केली तेव्हापासून कर्णाही बंद. इंदिराबाई पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसत. ऐकू काय येई, तर तबल्याचा डग्गा आणि टाळ्या. रामाने धनुष्य मोडलं की अजून उचलतोच आहे, हे बिचारीने टाळ्यांवरून ओळखायचं.

कीर्तन संपलं की पंत धावत घरी येत आणि पहिल्यापासून सगळं सांगत. नुसतं सांगत नसत, उभे राहून, पदं म्हणून, हातवारे करून. इंदिराबाई दिवाणावर बसून ऐकत आणि मध्येच म्हणत, "अहो, बुवा असं म्हणाले नसतील. तुम्ही गाळताय काहीतरी." मग पंत थोडं आपल्या पदरचं घालत. त्या म्हणत, "हां, आता बरोबर."

पंतांना आयुष्यात एकदा तरी नारदाच्या गादीवर उभं राहावंसं फार वाटे. धाडस नव्हतं. विम्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं टेबलामागे बसलेल्या माणसाला उभं राहून बोलायचं म्हटलं की हात आधी टेबल शोधतात.

तर दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी, आरतीचं ताम्हन फिरत असताना इंदिराबाईंनी विचारलं, "अहो, सहा नंबरचं काय झालं हो?"

"कसले सहा नंबर?"

"ज्येष्ठांसाठी सभागृहाला रॅम्प."

पंतांनी पुस्तक उलटून पाहिलं. होतं खरं. "होईल की," ते म्हणाले.

"नऊ वर्षं होतंच आहे. या दत्तजयंतीला बुवा येताहेत. मला एकदा समोर बसून ऐकायचंय. टाळ्यांवरून नाही."

एवढंच म्हणून त्यांनी कापूर खाली ठेवला. बाई भांडली असती तर पंतांना सोपं गेलं असतं. न भांडता मागितलेलं माणसाच्या मानगुटीवर बसतं.

दुसऱ्या दिवशी पंत आरतीसंग्रह आणि शिसपेन्सिल घेऊन प्रभागात निघाले. एक वचन घ्यायचं, जागेवर जाऊन पाहायचं, बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. वचन पहिलं, नियमित पाणी. येत होतं, पहाटे पाच दहा ते पाच पन्नास, त्यात सणवारालाही खंड नाही. बरोबर. दुसरं, रस्तोरस्ती दिवे. लागत होते, त्यातला चौकातला एक तर दिवसासुद्धा. बरोबर. तिसरं, वाचनालय. खोली होती, टेबल होतं, पुस्तकंही दोनशे होती. पण ती खंडेरावांच्या दिंडोरीच्या मेव्हण्याने दिलेली, सगळी द्राक्षावरच्या फवारणीची. पंतांनी न्यायबुद्धीने अर्धी खूण केली. चौथं, ज्येष्ठांसाठी बाकडी. चाळीस बाकडी होती, पाठीवर 'खंडेराव' असं लाल रंगात. रंग ओला असतानाच उद्घाटन झाल्यामुळे त्या दिवशी प्रभागातले चाळीस-पन्नास ज्येष्ठ उलट्या अक्षरांचा खंडेराव पाठीवर घेऊन घरी गेले होते. पण बाकडी होती. बरोबर. असं करत करत, पुढे आणखी दोन ठिकाणी अर्धी खूण देत, दहाच्या दहा झाली. एकूण साडेसात. सहाव्या क्रमांकासमोर मात्र पंतांनी अशी फुली मारली की कागद फाटला.

ही यादी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून सभागृहाच्या फलकावर लावली. हेतू शुद्ध होता, लोकांनी सहावं वचन पाहावं. पण लोक परीक्षेच्या निकालात आधी बेरीज पाहतात हे पंत विसरले.

चौथ्या दिवशी दूधवाल्याने पिशवी देताना हात जोडले. "काका, अभिनंदन! चौकात झळकले तुम्ही."

पंत चपला न घालताच चौकात गेले. तिथे वीस फुटी फ्लेक्स. 'दहापैकी साडेसात! पंच्याहत्तर टक्के! जनतेच्या परीक्षेत खंडेराव अण्णा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण! परीक्षक : ज्येष्ठ कीर्तनप्रेमी गंगाधरपंत.' बाजूला पंतांचा फोटो. निवृत्तीच्या समारंभातला, हार घालून घेताना डोळे मिटलेला. हार आणि मिटलेले डोळे यामुळे पाहणाऱ्याचा जो समज व्हायचा तो झाला. सिडकोतल्या एका जुन्या सहकाऱ्याने तर इंदिराबाईंना फोन करून दिवस कधी आहेत ते विचारलं.

खंडेरावांचा कार्यकर्ता नवनाथ पेढे घेऊन हजर झाला. "काका, नाराज नका होऊ. अण्णा म्हणले, एवढी प्रामाणिक तपासणी बोर्डातसुद्धा होत नाही."

"अहो, मी फुली मारली आहे! सहाव्याला!"

"एका विषयात एटीकेटी चालते, काका."

शेजारच्या उज्वलाताई सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांची आणि पंतांची भिंत एक. सल्ला देताना त्या घरातून बाहेर येत नसत, भिंतीवरूनच देत. "पंत, तुम्हाला कुणी सांगितलं होतं बेरीज करायला? नुसती फुली लावायची होती. आता काय ते लेखी करा. अर्ज द्या, पोच घ्या, पोचेची झेरॉक्स काढा."

पंतांनी महापालिकेत अर्ज दिला. एका टेबलाने तो बांधकामकडे पाठवला, बांधकामने मिळकत विभागाकडे, मिळकतने विचारलं की सभागृह आमचं आहे याला पुरावा काय. प्रभागात नगरसेवक चार, तेही सगळे माजी. उरलेल्या तिघांनी नम्रपणे सांगितलं की वचन ज्यांनी छापलं त्यांच्याकडेच जावं. पंत सगळीकडे 'रामकृष्ण हरी' म्हणून आत शिरत आणि तेच म्हणून बाहेर पडत. शेवटी त्यांच्या चिकाटीला दया येऊन एक तरुण इंजिनीअर टेप घेऊन आला. भला माणूस. त्याने पायऱ्या मोजल्या, उंची मोजली, आणि कपाळाला हात लावला.

"काका, एक इंच उंचीला बारा इंच लांबी लागते. नियम आहे. नाहीतर आजी चढायच्या ऐवजी घसरतील. उंची भरते दहा फूट. म्हणजे रॅम्प एकशेवीस फूट."

"मग करा की."

इंजिनीअर पहिल्या पायरीपासून टेप ओढत निघाला. फाटक ओलांडलं, रस्ता ओलांडला, आणि बरोबर एकशेवीस फुटांवर थांबला, ते उज्वलाताईंच्या पोर्चमध्ये.

"माझ्या तुळशीवरून रॅम्प?" उज्वलाताई कडाडल्या. "पंत, वहिनींसाठी मी जीव देईन, पण वृंदावन नाही देणार!"

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'मागणी योग्य, परंतु जागेअभावी अशक्य. अर्जदाराने सभागृह खाली आणल्यास विचार करता येईल.'

पंतांनी ते पत्र तीनदा वाचलं. सभागृह खाली आणा! गोवर्धन उचलणारा उचलून गेला, पण उचललेलं खाली आणायची जबाबदारी विम्याच्या निवृत्त कारकुनावर? त्यांनी पत्राची घडी घालून आरतीसंग्रहात ठेवली. इंदिराबाईंनीच विचारलं, "नाही होत ना?" आणि पंतांनी मान हलवल्यावर म्हणाल्या, "असू दे. पोर्चमध्ये ऊन छान येतं."

दत्तजयंतीचा सप्ताह बसला. थंडी मी म्हणत होती, आणि निवडणुकीची आचारसंहिता आज लागते की उद्या अशी कुजबुज. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला बुवांचं कीर्तन. इंदिराबाई त्या दिवशी पोर्चऐवजी रस्ता ओलांडून पायऱ्यांच्या तळाशी खुर्ची टाकून बसल्या. "इथून डग्गा जरा जवळ," त्या म्हणाल्या. पंत वर जाऊ की नको करत होते. बाईंनीच ढकललं. "जा. मला रात्री सांगणार कोण?"

वर सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत खंडेराव आणि शेजारी त्यांच्या मातोश्री सगुणाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, दिंडोरीकडच्या मळ्यात उभं आयुष्य वाकून काढलेलं, पण पायऱ्या त्या मुलाच्या आधी चढल्या होत्या. खंडेरावांचा बेत साधा होता. मध्यंतरात बुवांना हार घालायचा, आपला सत्कार करून घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि पुढच्या वॉर्डात निघायचं.

साडेपाच झाले, बुवांचा पत्ता नाही. मग फोन आला. दुपारचं कीर्तन हरसूलला करून निघालेल्या बुवांची गाडी घाटात बंद पडली होती. तबलजीने तिसऱ्यांदा तबला लावला. लोक चुळबुळू लागले. नारदाची गादी एकदा मांडली की रिकामी ठेवू नये, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. उभं कोण राहणार ते कुणालाच ठाऊक नाही.

तेवढ्यात उज्वलाताई उठल्या. "पंत उभे राहतील!"

"मी?"

"दर कीर्तनाच्या रात्री वहिनींपुढे करता ते काय? दोन वर्षं भिंतीतून ऐकतेय मी. गेल्या एकादशीला तर बुवांपेक्षा तुमचा हिरण्यकशिपू सरस होता."

कुणीतरी पंतांच्या खांद्यावर उपरणं टाकलं, कुणी हातात झांजा दिल्या. पंतांनी धीरासाठी पिशवीतला आरतीसंग्रह छातीशी धरला आणि देवाचं नाव घेऊन गादीवर पाऊल ठेवलं.

पूर्वरंग कसा झाला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मग त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली. खाली इंदिरा बसली आहे. तिला ऐकू जायला हवं. त्यांनी जिन्याकडचं दार उघडायला लावलं आणि आवाज सोडला. नामस्मरण, प्रपंच, परमार्थ, सगळं दिवाणासमोर सांगतात तसं सांगितलं. लोक डोलायला लागले.

मध्यंतर झालं. पंतांना बुक्का लागला, खंडेरावांनी हार घातला, नवनाथने फोटो काढले. खंडेराव वळले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो..."

"खंड्या!" सगुणाबाईंचा आवाज सपकन आला. "गादीपुढं उभं राहून भाषण करतेत व्हय? बस खाली."

"आई, पुढं दोन कार्यक्रम हायेत."

"कीर्तनातून मधीच उठाया तुला मी शिकवलं नाय. बस."

खंडेराव बसले. प्रभागात त्यांना बसवू शकणारी ती एकच व्यक्ती होती.

आता उत्तररंग. आख्यान लावायचं दत्तजन्माचं. आणि पंत विसरले! अनसूया आठवते, अत्री आठवतात, पुढचं पद काही आठवेना. पेटीवाला सूर धरून बसलेला. पंतांनी घाबरून हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तक उलटं धरलं होतं. समोर दहा वचनं, आणि सहाव्यावर फाटलेली फुली.

"मंडळी," पंत हळूच म्हणाले, "दशरथ राजाने वचनं किती दिली होती? दोन. छापली नव्हती. तोंडीच दिली, लढाईच्या धामधुमीत. लढाईत माणूस काय वाटेल ते देतो, आपल्याला निवडणुकीवरून ठाऊक आहे."

सभागृहात खसखस पिकली. खंडेराव कसनुसं हसले.

"आणि कैकेयीने मागितली कधी? कित्येक वर्षांनी. तेव्हा राजा असं म्हणाला का, की बाई, माझी मुदत संपली, आता प्रशासक बसलाय, त्यांच्याकडे अर्ज कर? नाही म्हणाला. देताना सोपं होतं, पाळताना काळीज फाटलं, तरी पाळलं. आणि पाळलं म्हणून काय झालं? राम निघाला. निघाला तो कुठे आला? इथे! आपल्या पंचवटीत! राजाने त्या दिवशी शब्द फिरवला असता, तर राम अयोध्येत राहिला असता आणि आपल्या गोदेला कुणी विचारलं नसतं. मंडळी, आपलं अख्खं नाशिक एका पाळलेल्या शब्दावर उभं आहे."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खाली इंदिराबाईंना वाटलं, धनुष्य मोडलं.

"या गादीवरून खोटं बोलता येत नाही," पंत पुढे म्हणाले, "म्हणून सांगतो. आमच्या खंडेरावांनी दहापैकी साडेसात वचनं पाळली. पाणी येतं, दिवे लागतात. आहे ते आहे. सहावं राहिलं. पण दुसऱ्याच्या यादीवर खुणा करत फिरताना मला माझी यादी आठवली नाही. निवृत्त झालो त्या दिवशी मी एक वचन दिलं होतं. इंदिरे, आता दर कीर्तनाला तुला नेईन. ती आज कुठे आहे? सतरा पायऱ्या खाली. आणि मी दोन वर्षं दर वेळी तिला तिथे सोडून वर येतोय. साडेसात सोडा, मला एकातही भोपळाच."

पंतांनी पुस्तक मिटून झांजा उचलल्या. पेटीवाल्याने समजून नामाचा गजर धरला. गजर संपला, आरती झाली, आणि रिवाजाप्रमाणे सगळे गादीवरच्या माणसाच्या पाया पडायला आले. खंडेरावही वाकले. पंतांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला.

"काका," खंडेराव खालच्या आवाजात म्हणाले, "रॅम्प बसत नाय हो तिथं. छापताना मी टेप नव्हता लावला."

"मला माहीत आहे. एकशेवीस फूट. सभागृह खाली आणा म्हणतात," असं म्हणून पंतांनी घडी उलगडून पत्र दाखवलं.

खंडेरावांनी वाचलं. सगुणाबाईंना वाचता येत नव्हतं, त्यांनी ऐकलं. मग विचारलं, "खंड्या, खाली ती मोठी खोली हे ना, ती कोणाची रं?"

"ऑफिस हे माझं, आई."

"तुझं, का लोकांचं?"

यावर खंडेराव गर्दीतून वाट काढत जिना उतरले. खाली खुर्चीत इंदिराबाई बसल्या होत्या, पदराने डोळे पुसत. खंडेरावांनी नवनाथला हाक मारली, "खुर्ची उचला रे, आजींना वर एकदा दर्शनाला नेऊ."

"काही नको!" इंदिराबाई ताठ झाल्या. "मिरवणूक काढायला मी उमेदवार आहे का?"

खंडेराव हसले. पहिल्यांदा फोटोतल्यासारखं नाही, खरं. मग वळून त्यांनी कार्यालयाच्या दाराकडे पाहिलं. तिथून निवडणूक लढवायची होती. याद्या, झेंडे, चहाची किटली, चार फुटी फोटो, सगळं आत होतं. "नवनाथ," ते म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत सगळं सामान माझ्या गाड्यांच्या शेडमध्ये हलव. उद्यापासनं कीर्तन इथं खाली."

"अण्णा, ऐन इलेक्शनमध्ये?"

"मग काय वनवासाला जाऊ? शेडच हे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली धुऊन निघाली. फोटो निघाला तिथे भिंतीवर नऊ वर्षांचा स्वच्छ चौकोन राहिला. उज्वलाताईंनी त्यावर दत्ताची तसबीर लावली, ती नेमकी बसली. दाराशी मात्र एक उंबरा होता, चार इंच. पंतांनी लगेच नियम सांगितला. चार इंचांना चार फूट. नवनाथने सिमेंटचं अर्धं पोतं आणलं आणि पंतांच्या देखरेखीखाली चार फुटी रॅम्प तयार झाला.

ओल्या सिमेंटवर नाव कोरायला खंडेराव बोट घेऊन वाकले. 'खं' काढला, आणि नवनाथ फोन नाचवत धावत आला. "अण्णा, हात काढा! आचारसंहिता लागली!"

खंडेरावांचं बोट हवेत राहिलं. आयुष्यातलं पहिलं काम, ज्यावर पुरतं नाव नाही. आईने पाटी-पेन्सिल काढून घेतलेल्या पोरासारखं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगुणाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. देवाला कळतंय."

संध्याकाळी ओल्या सिमेंटवर फळी टाकली. एका बाजूने काठी, दुसऱ्या बाजूने पंतांचा हात, अशा इंदिराबाई चढल्या. चार फुटांना चार मिनिटं लागली. पहिल्या रांगेत सगुणाबाईंनी जागा धरून ठेवली होती. घाटातून सुटलेले बुवा गादीवर उभे राहिले, आणि दोन वर्षांनी इंदिराबाईंनी टाळ्या ऐकल्या नाहीत, वाजवल्या.

घरी आल्यावर पंतांनी आरती केली. मग इंदिराबाईंनी पुस्तक मागून घेतलं, पेन्सिल मागितली, आणि सहाव्या क्रमांकाच्या फाटक्या फुलीशेजारी एक नीट बरोबरची खूण केली. खाली रिकाम्या जागेत त्यांनी अकरावा क्रमांक घातला, त्यापुढे 'आमचे हे' एवढंच लिहिलं आणि तिथेही खूण केली.

"कसं झालं बुवांचं?" पंतांनी न पाहिल्यासारखं करून विचारलं.

"छान झालं. गळा काय गोड! डोळ्यांनी बघायला मिळालं." इंदिराबाई दिवाणावर टेकल्या, गुडघ्यांवर शाल ओढून घेतली. "पण कालचं कैकेयीचं मला खालून अर्धंच ऐकू आलं. तुम्ही गाळणार नसाल तर पहिल्यापासून सांगा."

पंत उठून उभे राहिले. भिंतीपलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ उज्वलाताईंचा: "जरा मोठ्याने, पंत!"